घरच्या वर्कशॉपात लोखंड कापायला: पॉवर हॅकसॉ की बँडसॉ?

कुळागर (धागाकर्ता)

फोंडा तालुका. घरामागे १२ बाय १८ फुटांची पत्र्याची शेड, सिंगल फेज कनेक्शन. सध्या १४ इंची कटऑफ मशीन (घासून कापणाऱ्या फिरत्या चाकाचं) आहे, ते काढायचंय. आवाज शेजारच्या घरापर्यंत जातो, आणि शेडच्या एका बाजूला सुक्या झावळ्या नि सोडणं पडलेली असतात, त्यामुळे ठिणग्या नकोत.

कापायचा माल: एमएस (साधं मऊ पोलाद) सळई २० ते ७५ मिमी, ४० नि ५० चे अँगल, २५ नि ४० चे चौकोनी पाइप (जाडी २ ते ३ मिमी), थोडं ३०४ स्टेनलेस, अधूनमधून ॲल्युमिनियम. तुकडे पुढे लेथवर जातात, म्हणून टोक गुण्यात हवं.

पर्याय दोन. कुंडईला एक जुना ७ इंची पॉवर हॅकसॉ (मोटरवर पुढे-मागे चालणारी करवत) मिळतोय, १ एचपी थ्री फेज मोटरसकट. नाहीतर नवा ४ बाय ६ इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या गोल पट्टीच्या ब्लेडची करवत), आडवा-उभा दोन्ही चालणारा. दोन्ही वापरणाऱ्यांनी सांगा: कुठला घ्यावा, ब्लेड कुठलं, आणि माणसं नेमकी कुठे फसतात?

फिटर_डिचोली

तुमची यादी बघता बँडसॉ. कारण ७५ ची सळई नव्हे, २ मिमीचा पाइप. हॅकसॉचं ब्लेड प्रत्येक फेऱ्यात थांबतं नि उलटं फिरतं. पातळ भिंतीत दात अडकला की मागून अख्ख्या फ्रेमचं वजन येतं आणि ओळीने चार-पाच दात जातात. बँडसॉत ब्लेड एकाच दिशेने, एकाच वेगाने चालतं, झटका नाही.

दुसरं म्हणजे माल वाया जाणं. १३ मिमी रुंद, ०.६५ मिमी जाड बँडसॉ ब्लेड साधारण १ मिमीची खाच पाडतं. हॅकसॉची खाच २ मिमीच्या पुढे, कटऑफच्या चाकाची त्याहून मोठी.

वेळ म्हणाल तर ५० ची एमएस सळई चांगल्या ब्लेडने, कोरडी, ४ मिनिटांच्या आसपास. हॅकसॉ त्याच्या दीडपट ते दुप्पट घेतो. कटऑफ अर्थात लवकर कापतं, पण तापलेलं टोक गार होताना कडक होतं, विशेषतः ईएन८ सारख्या, एमएसपेक्षा जास्त कार्बनच्या मालात. मग लेथवर सेंटर ड्रिलचं टोक मोडतं आणि लोक ड्रिल बनवणाऱ्याला शिव्या घालतात.

यार्डवाला

फिटरबाबांशी निम्मा सहमत. पाइप आणि अँगल जास्त असेल तर बँडसॉच. पण जाड भरीव सळईचे एकसारखे तुकडे पाडायचे असतील तर जुना बिडाचा हॅकसॉ अजून हार जात नाही. ब्लेड सरळ पट्टीचं, त्याला जोड नाही, गाइड नाहीत, चाकावर ट्रॅकिंग (ब्लेड चाकावर जागच्या जागी चालवणं) नाही. बांधायचं, ताणायचं, स्टॉप लावायचा आणि शेडमधलं दुसरं काम करायचं. काप संपला की मशीन आपोआप बंद.

जुनं मशीन बघायला जाल तेव्हा रंग बघू नका. पुढच्या गोष्टी बघा.

फ्रेम ज्या स्लाइडवर सरकते तिथे हाताने आडवी हलवा. ब्लेडच्या टोकाशी अर्धा मिमीपेक्षा जास्त खेळ असला नि गिबने (स्लाइडची ढील काढणारी पट्टी) तो निघत नसला, तर काप तिरका येणारच. मग परतीच्या फेऱ्यात ब्लेड उचललं जातं का ते बघा. मोटर बंद ठेवून पुली हाताने फिरवा, ब्लेडखाली कागदाची पट्टी धरा. कापण्याच्या फेऱ्यात पट्टी दाबली गेली पाहिजे, परतीत सहज निघाली पाहिजे. परतीतही दाबलेली राहिली तर ऑइल डॅशपॉट (फ्रेम उचलणारा तेलाचा दट्ट्या) किंवा कॅम गेलेला आहे. अशा मशीनवर दात मागे घासून बोथट होतात, ब्लेड कितीही महाग आणा.

ब्लेड धरणाऱ्या पिना वाकल्यात का, क्रँकची बुश ढिली आहे का, व्हाइसचा (माल धरणारा शिकंजा) स्थिर जबडा फ्रेमच्या चालीशी काटकोनात आहे का, एवढं पुरे.

ब्लेड लावण्याची दिशा अंदाजाने ठरवू नका. हाताच्या हॅकसॉचा काप पुढे ढकलताना होतो. पॉवर हॅकसॉ बहुतेक ओढताना कापतात, पण सगळेच नाहीत. परतीत फ्रेम कुठल्या दिशेला जाताना उचलली जाते ते बघा, दातांची तोंडं त्याच्या उलट दिशेला.

सुपारी_नि_स्टील

मशीन कुठलंही घ्या, दातांचा हिशेब चुकला तर दोन्ही फुकट. लोक एक १४ दाती ब्लेड लावतात आणि त्यानेच पाइपपासून ७५ च्या सळईपर्यंत सगळं कापतात.

हिशेब सोपा आहे. दर इंचाला १४ दात म्हणजे दोन दातांमध्ये १.८ मिमी. १० दाती म्हणजे २.५४, २४ दाती म्हणजे १.०६ मिमी. कुठल्याही क्षणी मालात कमीत कमी ३ दात हवेत. भरीव मालात ६ ते १२ चांगले, २४ च्या वर गेले की दातांमधल्या खाचेत कीस मावत नाही. खाच भरली की दात मालावर नुसता घसरतो.

आता २५ चा चौकोनी पाइप, जाडी ३ मिमी. वरची बाजू कापताना २५ मिमी रुंदी मिळते, सगळं छान चालतं. ती संपली की ब्लेड दोन उभ्या भिंतींत येतं, प्रत्येकी ३ मिमी. १४ दाती ब्लेडचे तिथे दीड-पावणेदोन दात. दात इथेच जातात, पहिल्या मिनिटाला नव्हे. इथे २४ दाती लावलं तरी जेमतेम ३ भरतात. उलट ५० च्या सळईत १४ दाती ब्लेडचे मध्यावर २७ दात एकदम मालात असतात. तिथे ८/१२ किंवा ६/१० हवं.

हे दोन आकडे एकत्र लिहिलेले असतात ते कमी-जास्त अंतरावरचे दात. कंप कमी होतो, आवाजही. घरासाठी दोन ब्लेडं ठेवा: १४/१८ अँगलला, ८/१२ भरीव मालाला. दोन-तीन मिमीचे पाइप रोजचे असतील तर तिसरं २४ दाती. बदलायला पाच मिनिटं लागतात, त्याचा कंटाळा करू नका.

अँगल नेहमी पालथा घाला, कोपरा वर, दोन्ही पाय खाली, घराच्या छपरासारखा. मग ब्लेडला सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखीच जाडी मिळते. एक पाय सपाट नि एक उभा ठेवलात तर एकदा ५० मिमी आणि एकदा ५ मिमी, कुठलंच ब्लेड दोन्हींना लागू पडत नाही. पट्टी मात्र आडवी झोपवायची.

माशेलकर७

वाचनखूण साठवली. ताई, बाय-मेटल आणि साध्या कार्बन ब्लेडमध्ये खरंच एवढा फरक पडतो का?

सुपारी_नि_स्टील

पडतो. कार्बन ब्लेडचे दात तापले की मऊ पडतात, स्टेनलेसमध्ये तर एका कापात. बाय-मेटलमध्ये पाठ स्प्रिंग स्टीलची आणि दातांची कड हायस्पीड स्टीलची, दोन्ही वेल्ड केलेली. एम४२ (हायस्पीड स्टीलची एक जात) लिहिलेलं असेल तर त्यात सुमारे ८ टक्के कोबाल्ट असतं, तापल्यावरही धार टिकते. नव्या मशीनबरोबर येणारं ब्लेड बहुधा कार्बनचं असतं. त्यावर मशीनची परीक्षा करू नका, सेटिंग शिकायला वापरा.

कुळागर

म्हणजे बँडसॉकडे कल. पण ४ बाय ६ ची एक तक्रार सगळीकडे ऐकू येते, काप तिरका जातो. मशीनचा दोष की वापरणाऱ्याचा?

फिटर_डिचोली

बहुतेक वेळा सेटिंगचा. कारखान्यातून ही मशिनं जोडून येतात, जुळवून येत नाहीत. खालच्या क्रमानेच करा, मधलं एखादं सोडलं तर पुढचं फसतं. प्लग काढून.

आधी ट्रॅकिंग. ब्लेडची पाठ चाकाच्या कडेजवळ चालावी, पण कडेवर घासू नये. घासत असेल तर मोकळ्या चाकाचा कल स्क्रूने थोडा थोडा बदला आणि ब्लेड हाताने फिरवून बघा. करकर आवाज आला म्हणजे अजून घासतंय.

मग ताण. मुठीने "घट्ट झालं" हा अंदाज जवळजवळ नेहमी कमी पडतो. २०० मिमीचा व्हर्नियर घ्या. गाइड नसलेल्या मागच्या बाजूच्या सरळ ब्लेडवर व्हर्नियरचे दोन जबडे २०० मिमी अंतरावर छोट्या क्लँपने अडकवा, लॉकस्क्रू मोकळा ठेवा. ब्लेडची ढील नुकती गेलेली असताना वाचन घ्या, नंतर ताण वाढवा. वाचन ०.१ मिमीने वाढलं की ब्लेडमध्ये साधारण १०० न्यूटन प्रति चौरस मिमी ताण आला. १३ बाय ०.६५ च्या ब्लेडचं क्षेत्र ८.४५ चौरस मिमी, म्हणजे एका बाजूला ८४५ न्यूटन आणि दोन्ही बाजू मिळून चाकावर सुमारे १७० किलोची ओढ. हलक्या मशीनची ताणाची सरकपट्टी एवढ्यात वाकू लागते. वाकताना दिसली तर ०.०८ वर थांबा.

मग गाइड. ब्लेडच्या दोन्ही अंगांना बेअरिंग असतात, त्यातलं एक एक्सेंट्रिक (भोक मध्यापासून बाजूला असलेल्या) बुशवर. बुश फिरवून बेअरिंग ब्लेडला टेकवा. ब्लेड उभं असताना बेअरिंग बोटाने किंचित जोर लावून फिरलं पाहिजे. अजिबात फिरत नसेल तर फार घट्ट, गरगर फिरत असेल तर सैल. गाइडचे दोन्ही हात मालाच्या जितके जवळ आणता येतील तितके आणा, दोन्हीकडे ५ ते १० मिमी जागा. २५ चा पाइप कापताना गाइड १०० मिमी लांब सोडलेले फार दिसतात. मग ब्लेड मध्ये पिळणारच.

त्यानंतर बेडवर गुण्या ठेवून ब्लेडच्या अंगाला लावा. दातांना लावू नका, दात आजूबाजूला वळवलेले असतात. फट दिसली तर गाइडचा ब्रॅकेट सैल करून फिरवा.

शेवटी व्हाइसचा स्थिर जबडा ब्लेडशी काटकोनात आणा.

तपासणीला ५० ची सळई घ्या, वरच्या बाजूला खूण करा, एक काप घ्या. आता सळई १८० अंशात फिरवा, खूण खाली, आणि ८ मिमीची चकती कापा. न फिरवता दोन काप घेतले तर दोन्ही सारखेच तिरके येतील आणि चकती खोटी सारखी दिसेल. फिरवल्यावर चूक दुप्पट होऊन दिसते. चकती चार ठिकाणी मोजा. वर-खाली फरक असेल तर ब्लेड कललंय, गाइडकडे जा. डाव्या-उजव्या बाजूला असेल तर जबडा. फरक ०.२ आला तर खरी चूक ५० मिमीला ०.१, लेथच्या कामाला पुष्कळ झालं.

यार्डवाला

यात एक भर. सेटिंग नीट असूनही काप हळूहळू एकाच बाजूला ओढला जायला लागला तर ब्लेडच्या त्या बाजूचे दात शाबूत आणि दुसऱ्या बाजूचे घासलेले आहेत. पाइपाच्या वेल्डची कड किंवा व्हाइसचा जबडा लागला की असं होतं. गाइड फिरवत बसू नका, ब्लेड बदला.

आणि नवं ब्लेड जुन्या अर्धवट खाचेत कधीही उतरवू नका. घासलेल्या ब्लेडची खाच अरुंद असते, नवं त्यात आवळतं. माल फिरवून समोरच्या बाजूने सुरुवात करा. हॅकसॉच्या पूर्ण कडक हायस्पीड ब्लेडचे तर तिथेच दोन तुकडे होतात.

वायरमन_थिवी

धागाकर्त्याने अजून हॅकसॉ सोडलेला नाही असं धरून. थ्री फेज मोटर सिंगल फेजवर चालवायची तर कंडेन्सरचे जुगाड नकोत, छोटा व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज करून देणारा ड्राइव्ह) घ्या, २३० व्होल्ट इनपुट, ०.७५ किलोवॅटची मोटर असेल तर १.५ चा ड्राइव्ह. पण आधी मोटरचं टर्मिनल बॉक्स उघडा. एवढ्या लहान मोटरी आपल्याकडे बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धतींपैकी एक, दुसरी डेल्टा) जोडलेल्या असतात. सिंगल फेज ड्राइव्ह बाहेर २३० च देतो, म्हणून मोटर डेल्टात बदलावी लागते. बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून काम होतं. तीनच असतील तर स्टार आत बांधलेला आहे, वाइंडिंगवाल्याकडे न्यावी लागेल. किंमत ठरवण्याआधी हे बघा.

ड्राइव्ह २५ हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नका, मोटरचा पंखाही तेवढाच मंदावतो. मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की काम संपल्यावर प्लग काढून ठेवा. बँडसॉ घ्या नाहीतर हॅकसॉ, अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा. ओली जमीन, ओले पाय आणि लोखंडी मशीन आहे.

काणकोण_कट

वेगाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. ४ बाय ६ वर पट्टा बदलून तीन वेग मिळतात, आपल्या ५० हर्ट्झवर साधारण २०, ३० आणि ५० मीटर प्रति मिनिट. स्टेनलेस आणि टूल स्टील २०, एमएस ३०, ॲल्युमिनियम-पितळ ५०.

दाब जास्त महत्त्वाचा. आर्म आडवा असताना पुढच्या मुठीला ताणकाटा अडकवून उचला, मासळी बाजारातला चालतो. ३ ते ४ किलो ठीक. स्प्रिंगने कमी-जास्त करा. कीस बघून कळतं: बारीक पीठ पडत असेल तर दाब कमी, दात घासतायत. निळा, जाड कीस म्हणजे दाब किंवा वेग जास्त. वळलेला, चंदेरी, हाताला कोमट कीस बरोबर.

नव्या ब्लेडचे पहिले काही काप निम्म्या दाबाने घ्या, वेग तोच ठेवा. दाताचं अगदी टोक कोवळं असतं, पहिल्याच कापात भार टाकला तर ते सूक्ष्म तुकड्यांत उडतं आणि ब्लेडचं आयुष्य तिथेच अर्धं होतं.

३०४ मात्र हळुवार हाताळलं तर बिघडतं. दाब कमी पडला की दात घासतो, घासला की पृष्ठभाग कडक होतो, पुढचा दात त्या कडक थरावर चालतो. सुरुवात केली की मध्ये थांबायचं नाही, आर्म उचलायचा नाही.

माशेलकर७

कूलंट लावायचंच का? पाण्यात मिसळायचं सोल्युबल ऑइल वापरलं तर मशीनभर सांडतं.

काणकोण_कट

लावलं तर वेग वाढवता येतो. प्रमाण १ ला २०, आणि आधी पाणी, मग त्यात तेल ढवळत. उलट केलं तर लोण्यासारख्या गाठी होतात.

सुपारी_नि_स्टील

घरी नको. आपल्या हवेत पंधरा दिवस न वापरलेलं कूलंट कुजतं, वास शेजाऱ्याला आधी कळतो, आणि टाकी असलेली मशिनं गंजतात. एमएसला ब्रशने कटिंग ऑइलचे दोन थेंब पुरे, ॲल्युमिनियमला मेणाची कांडी, नाहीतर कीस दातांत चिकटून बसतो. बीड कोरडंच कापायचं, त्यातलं ग्राफाइट स्वतःच वंगण आहे. बिडाच्या भुकटीत तेल मिसळलं की घासणारा लेप तयार होतो.

यार्डवाला

भंगाराबद्दल सावध करतो, कारण गोव्यात घरचं वर्कशॉप म्हटलं की माल तिथूनच येतो. बार्ज दुरुस्तीच्या यार्डातल्या शाफ्टच्या तुकड्याला "एमएस आहे" म्हणून कोणी देईल, प्रत्यक्षात ईएन८ किंवा ईएन२४ निघतो. तो कापता येतो, वेग २० वर आणा. पण खाणीवरच्या एक्स्कॅव्हेटरच्या पिना आणि हायड्रॉलिक रॉड वेगळे. पिनेची वरची कातडी इंडक्शनने कडक केलेली असते, रॉडवर हार्ड क्रोम असतो. ब्लेड लावण्याआधी कानस मारून बघा. कानस चावली तर कापा. काचेसारखी घसरली तर तिथे ब्लेड उतरवू नका, आधी ग्राइंडरने भोवती खाच पाडून कडक थर काढा, आतला गाभा मग मुकाट कापला जातो.

आखूड तुकडा व्हाइसच्या एका टोकाला धरला तर दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा ठोकळा घाला. नाहीतर जबडा तिरका बसतो, तुकडा मध्येच फिरतो आणि ब्लेड आवळून तुटतं.

वायरमन_थिवी

+१. आणि उभ्या स्थितीत चालवताना हातमोजे नकोत. बोट पकडलं गेलं तर मोजा बोटाला आत नेतो. शेवटचे १० मिमी लाकडाच्या तुकड्याने ढकला.

कुळागर

बँडसॉ ठरला. दोन शेवटचे प्रश्न. पावसाळ्यात काय करता? आणि ब्लेड जोडावर तुटलं तर घरी जोडता येतं का?

सुपारी_नि_स्टील

जून ते सप्टेंबर ब्लेडचा ताण सोडून ठेवायचा, काम नसेल तेव्हा नेहमीच. बेड नि जबड्यांवर मेण चोळा, तेल धूळ धरतं. प्लास्टिकने झाकू नका, आत घाम येऊन रात्रीत गंज चढतो, जुनी चादर चांगली. सुटी ब्लेडं तीन वेटोळ्यांत गुंडाळून तेलकट कागदात, भिंतीपासून लांब. गिअरबॉक्समधलं चाक बहुधा ब्राँझचं असतं, साधं ९० नंबर गिअर ऑइल घाला, जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) लिहिलेलं टाळा, त्यातली गंधकाची मात्रा ब्राँझला मानवत नाही.

फिटर_डिचोली

जोडता येतं, पण आधी तुटलं कुठे ते बघा. जोडावरच तुटलं आणि तिथली धातू भुरी, दाणेदार दिसली तर जोड नीट मऊ केलेला नव्हता, बाकी ब्लेड चांगलं आहे. जोडापासून लांब, दाताच्या मुळाशी तडा जाऊन तुटलं असेल तर लहान चाकावर वाकून थकलेलं आहे, अजून तडे येतील, टाकून द्या.

सिल्व्हर सोल्डरने: दोन्ही टोकं साधारण ६ ते ८ मिमी लांब उतरती घासा, एकावर एक बसल्यावर जाडी ०.६५ च राहील अशी. दातांचं अंतर जोडावर तुटता कामा नये. पाठ सरळ पट्टीला लावून दोन्ही बाजू क्लँप करा, फ्लक्स, पातळ सिल्व्हर सोल्डरचा तुकडा मध्ये, लहान ज्योत. मंद लाल होऊन सोल्डर वाहिलं की ज्योत लगेच नेऊ नका, हळूहळू लांब करा. झटकन गार झालं तर जोडाजवळची पट्टी काचेसारखी होते आणि पहिल्या फेऱ्यातच मोडते. गार झाल्यावर दोन्ही अंगं कानशीने सपाट करा, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला गाइडमध्ये टक-टक वाजेल. अर्ध्या हाताएवढ्या गोलात वाकवून बघा, टिकलं तर मशीनवर चढवा.

नवीन मागवताना लांबी १६४० मिमी सांगा, पण मशीनवरची पाटी आधी वाचा. त्याच साच्याच्या काही मशिनींना थोडं वेगळं लागतं.